इथिओपियात जेवायला बसताना : एकच ताट, त्यांचा उपास आणि कॉफीचे तीन फेरे

माळावरची

इथिओपियाला जायचं ठरलं की आपल्याकडचे लोक आधी थेपले, मेतकूट आणि तयार उपम्याची पाकिटं बॅगेत भरतात. जरूर न्या. फक्त उतरल्या उतरल्या ती फोडू नका, एवढं सांगायला हा धागा काढतेय. मी कामासाठी आदिस अबाबात राहते, त्यामुळे मुंबईहून थेट विमानाने येणाऱ्या ओळखीच्या लोकांचा पहिला प्रश्न पाठ झालाय : "शाकाहारी माणसाला तिकडे काय मिळतं?" उत्तर असं की गल्लीतल्या साध्या खाणावळीतसुद्धा ताजं, गरम, पोटभर जेवण मिळतं, आणि तुमच्यासाठी काही वेगळं शिजवावं लागत नाही.

याचं कारण इथल्या ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चचे उपास. बुधवार आणि शुक्रवार ठरलेले. ईस्टरच्या आधी ५५ दिवसांचा मोठा उपास, ऑगस्टमध्ये मेरीमातेचा पंधरवड्याचा, नाताळाआधीचा वेगळा (यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो). नेमाने पाळणाऱ्या माणसाचे वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस उपासात जातात. उपासाला मांस, अंडी, दूध, लोणी, चीज यातलं काही चालत नाही. डाळी, कडधान्यं, भाज्या, कांदा, लसूण, तेल हे सगळं चालतं. पक्के लोक दुपारी तीनपर्यंत तोंडात पाणीही घेत नाहीत.

खाणावळीत बसल्यावर म्हणायचं "ये-त्सोम बेयाइनेतू". म्हणजे उपासाच्या सगळ्या प्रकारांचं मिळून एक ताट. मोठ्या गोल परातीत इंजेरा (इथली मोठी मऊ पोळी) पसरलेला येतो आणि त्याच्यावर थोडं थोडं सगळं वाढलेलं असतं : बेर्बेरे मसाल्यातली लालभडक मसूर (मिसिर वोत), हळदीतली सौम्य पिवळी वाटाण्याची डाळ (किक अलिचा), परतलेली हिरवी पालेभाजी (गोमेन), कोबी-बटाटा-गाजर, बीट, आणि मधोमध शिरो. शिरो हा भाजलेल्या हरभऱ्याच्या किंवा बाकल्याच्या मसालेदार पिठाचा. तेगाबिनो शिरो मागवलात तर छोट्या भांड्यात रटरटत येतो, आणि पहिल्या घासाला पिठल्याची आठवण न झालेला मराठी माणूस मला अजून भेटायचाय.

इंजेराला मात्र डोसा समजून हात लावू नका. तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवतात, मिताद नावाच्या मोठ्या तव्यावर गोल ओततात, झाकण ठेवतात आणि एकाच बाजूने भाजतात, उलटत नाहीत. वरच्या बाजूला शेकडो भोकं पडतात. त्यांना इथे डोळे म्हणतात, आणि डोळे नीट पडले नाहीत तर करणारीला ते मनाला लागतं. हाताला मऊ, ओलसर, थंड आणि चवीला स्पष्ट आंबट. रस्सा त्या डोळ्यांत मुरतो, म्हणून चमचा लागत नाही.

आता खरी गोष्ट. ताट एकच येतं. चार माणसं असली तरी एकच. जेवणाआधी घरातलं कोणीतरी, बहुतेक वेळा एखादं मूल, तांब्या आणि तस्त घेऊन येतं आणि प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतं. खाणावळीत हात धुवायची मोरी बसायच्या जागेतच असते, आणि न धुता बसलेला माणूस सगळ्यांच्या नजरेत येतो. उजव्या हाताने शेजारच्या गुंडाळीतला इंजेरा तोडायचा, त्या तुकड्यात आपल्या समोरचं कालवण चिमटीत धरायचं आणि तोंडात. समोरच्याच्या बाजूला हात घालायचा नाही. बोटं चाटायची नाहीत. बोटं ओठांना लागणार नाहीत असा घास करता आला, म्हणजे तुम्हाला जेवता येतं असं हे लोक मानतात.

आणि मग गुर्शा. यजमान स्वतःच्या हाताने मोठा घास करतो आणि तुमच्या तोंडात भरवतो. हा मान असतो. मान मागे घ्यायची नाही, तोंड मोठं उघडायचं. एका घासावर थांबत नाहीत, दुसरा येतोच.

इथे जाऊन आलेले किंवा जाणारे कोणी असतील तर लिहा. जेवणाच्या जागेबद्दल जेवढं विचाराल तेवढं सांगेन.

उंबरठा

किती छान लिहिलंय. आम्ही पुढच्या वर्षी लालिबेलाची चर्चेस बघायला जातोय, सासूबाई बरोबर आहेत. शाकाहाराची काळजी मिटली, पण उष्ट्याचं काय? त्या घरात नातवंडांच्या ताटालाही हात लावत नाहीत. एका ताटात चौघांनी जेवायचं हे त्यांना जमेल असं मला वाटत नाही, आणि त्यांना ओढून न्यायचं माझ्या मनात नाही.

माळावरची

उंबरठा, बेयाइनेतू एका माणसापुरतंही मिळतं. खाणावळीत "एकासाठी" म्हटलं की छोटं ताट वेगळं येतं आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. दुपारी एकटे जेवणारे नोकरदार तसंच घेतात. त्यामुळे बाहेर जेवताना त्यांची अडचण होणार नाही.

पण त्यांना शेजारी बसून एकदा नीट बघू द्या. तोंडाला लागलेला तुकडा परत ताटात जात नाही. घास एकदाच करायचा, एकदाच खायचा. अर्धा चावून उरलेला खाली ठेवणं इथेही असभ्य. प्रत्येकाची बाजू ठरलेली. आपण ज्याला उष्टं म्हणतो ते टाळण्यासाठीच इथल्या बऱ्याच रीती आहेत, फक्त ताट मोडून त्यांनी ते टाळलेलं नाही. हे कळल्यावर काही जणांचा संकोच जातो, काहींचा नाही. दोन्ही ठीक.

कोणाच्या घरी बोलावणं आलं तर मात्र आधी सांगून ठेवा. "आमच्याकडे वडीलधारी माणसं वेगळ्या ताटात जेवतात" एवढं पुरतं. वयाचा मान या देशात फार मोठा आहे. आधी वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी, ताटाला पहिला हातही त्यांचाच.

रानवाटा

माझं मत थोडं वेगळं आहे. सासूबाईंचं सोडा, त्यांचं वय आहे. पण आपण तिशी-चाळिशीतली माणसं परदेशात जातो आणि "मला माझं वेगळं द्या" म्हणतो, तेव्हा आपण जेवण घेतो आणि माणसं परत पाठवतो. इथिओपियात ताटाभोवती बसणं हीच ओळख. मी बहिर दारला ज्या कुटुंबाकडे जेवलो त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला अम्हारिक येत नव्हतं. ताट समोर आल्यावर भाषा नसल्याचं काही अडलं नाही. आजोबांनी गुर्शा दिला, मी त्यांना परत दिला, सगळं घर हसलं. वेगळ्या ताटात हे झालं नसतं.

एका ताटात जेवणं आपल्याला अगदी परकं आहे असंही नाही. मुंबईत बोहरी घरात जेवलेल्यांना थाळ माहीत असेल. आठ माणसं एका थाळाभोवती, आधी मिठाची चिमूट. आणि आपल्या लग्नात नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतातच की. इथे तो घास मित्रालाही भरवतात, सासऱ्यालाही, पाहुण्यालाही.

उंबरठा

रानवाटा, हे वाचून माझं स्वतःचं तरी ठरलं. मी ताटात बसणार. आईंचं त्या ठरवतील.

शेतीवाडी

जेवणाच्या धाग्यात शेतीचं लिहितो, चालवून घ्या. माळावरची यांनी तेफ लिहिलं. तो दाणा एक मिलीमीटरसुद्धा भरत नाही, पेरताना मुठीतून निसटतो. पण महाराष्ट्रातल्या वाचकाला त्या देशाशी नातं शोधायचं असेल तर कारळे बघा. आपली खुरासणी. तिचं शास्त्रीय नाव ग्विझोशिया अॅबिसिनिका, आणि अॅबिसिनिया म्हणजे इथिओपियाच. ही वनस्पती मूळची तिथल्या डोंगराळ प्रदेशातली. तिथे तिला नूग म्हणतात आणि उपासाच्या स्वयंपाकात लोणी चालत नसल्यामुळे नूगचं तेल वर्षानुवर्षं वापरात आहे. आपल्याकडे नाशिक भागातले आदिवासी शेतकरी डोंगरउतारावर खुरासणी घेतात, आपण चटणी करतो.

नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातून आलेली. तिला तिथे दागुसा म्हणतात, इंजेऱ्याच्या पिठात मिसळतात आणि घरगुती बिअरसाठीही वापरतात. ज्वारीचं मूळ ईशान्य आफ्रिकेतलं. म्हणजे भाकरी खाणारा माणूस तिथे गेला की पीठ तरी ओळखीचं निघतं. जाणाऱ्यांनी बाजारात धान्याच्या रांगेत एक फेरी जरूर मारावी. तेफ पांढरं आणि तांबडं अशा दोन्ही रंगांत मिळतं, पांढऱ्याला भाव जास्त, आणि जुनी माणसं तांबडंच चांगलं म्हणतात.

जाता जाता : खडकी वसवणारा मलिक अंबर जन्माने इथिओपियाचाच. त्या खडकीचंच पुढे औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. हे वेगळ्या धाग्याचं प्रकरण आहे, पण संभाजीनगरच्या मंडळींनी आदिसला गेल्यावर हे यजमानांना सांगावं, त्यांना फार आवडतं.

सुगंधी

कॉफीवर कोणी लिहिलं नाही अजून? मग मी लिहिते. या देशात दुसरं काही जमलं नाही तरी बुना, म्हणजे त्यांचा कॉफीचा सोहळा, चुकवू नका. आणि तास-दीड तास हाताशी असेल तेव्हाच बसा.

जमिनीवर ओलं हिरवं गवत पसरतात. ठेंगण्या स्टुलावर बसलेली बाई कोळशाच्या शेगडीवर कढई ठेवून हिरव्या बिया धुते, चोळते, भाजायला घेते. बिया तडतडायला लागल्या की धूर निघतो. ती कढई उचलून एकेका पाहुण्यासमोर फिरवते. आपण हाताने तो धूर स्वतःकडे ओढून घ्यायचा आणि काहीतरी चांगलं बोलायचं. तिथे मोबाईलमध्ये मान घालून बसणं वाईट दिसतं. मग लाकडी खलात कुटायचं, जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत पाणी आणि पूड घालून उकळायचं, गाळ खाली बसू द्यायचा. बाजूला ऊद जळत असतो. सोबत खायला मक्याच्या लाह्या किंवा भाजलेले जव. लाह्या कॉफीबरोबर कशा लागतील असं वाटतं, पण खारवलेल्या लाह्यांनी कडू कॉफी फार छान उतरते.

ओतायची पद्धत बघण्यासारखी आहे. बिनकानाचे छोटे कप लाकडी ताटलीत एकमेकांना चिकटून लावलेले असतात आणि ती उंचावरून एकच धार धरते. धार न तोडता एका कपातून दुसऱ्यावर जाते. सांडतं थोडं, ते धरलेलंच असतं. पहिला कप घरातल्या सर्वांत वडील माणसाला.

त्याच पुडीवर पाणी घालून तीन फेरे होतात : अबोल, तोना, बेरेका. प्रत्येक फेरा आधीपेक्षा हलका. तिसऱ्याला आशीर्वाद मानतात, म्हणून दुसऱ्या फेऱ्यानंतर उठणं बरं दिसत नाही. मधल्या वेळात शेजारचे येऊन बसतात, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची जमीन, सगळं निघतं. आपल्याला कळत नसलं तरी कोणीतरी समजावून सांगतं. झोपेची काळजी असणाऱ्यांनी सोहळा सकाळी किंवा दुपारी घ्यावा.

साखर भरपूर घालतात, काही भागांत मीठ. न विचारता साखर पडेल, मधुमेह असणाऱ्यांनी आधीच सांगा.

घड्याळजी

एक अत्यंत महत्त्वाची सूचना. इथिओपियात दिवस सकाळी सहाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. कोणी "सहा वाजता जेवायला या" म्हणालं तर ते दुपारी बारा असू शकतात! हॉटेल आणि विमान कंपन्या आपल्यासारखीच वेळ सांगतात, पण घरचं बोलावणं, टॅक्सी, छोटी खाणावळ यांच्याशी बोलताना "तुमच्या घड्याळाने की आमच्या?" असं विचारून घ्या. विचारण्यात काही गैर नाही, त्यांना हा प्रश्न रोजचा आहे.

कॅलेंडरही वेगळं, १३ महिन्यांचं. नवीन वर्ष ११ सप्टेंबरला (लीप वर्षाच्या आधी १२ला). त्या सुमारास जाल तर सगळीकडे पिवळी फुलं आणि घरोघरी जेवणं.

कोंबडीवडे

आम्हा मांसाहाऱ्यांसाठीही लिहा की. माझ्याकडून भर :

दोरो वोत, म्हणजे कोंबडीचा रस्सा, खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. भरपूर कांदा बारीक चिरून आधी कोरडाच, तेल न घालता, तास-तासभर हलवत राहतात. तो पूर्ण विरघळल्यावर मसाल्याचं लोणी आणि बेर्बेरे. कोंबडीचे परंपरेने बारा तुकडे करतात, आणि उकडलेली अंडी त्यात अख्खी सोडतात. सणाचा पदार्थ आहे, ५५ दिवसांचा उपास सुटतो तो यावरच. ईस्टरच्या रात्री चर्चमधून आल्यावर पहाटे घरोघरी हाच शिजलेला असतो.

किट्फो हा गुरागे लोकांचा खिम्याचा पदार्थ, आणि मूळ रूपात तो कच्चा असतो. लोणी आणि मिटमिटा तिखट घालून नुसता कोमट करतात. आवडीने खाणारे खातात. पोटाला सवय नसेल तर जंतांचा धोका खरा आहे, म्हणून "येबेसेले" म्हणजे पूर्ण शिजवलेला मागा. "लेब लेब" म्हणालात तर अर्धवट शिजलेला येईल. शिजवलेला मागितल्याने कोणी नाक मुरडत नाही.

आणखी एक. इथले ख्रिश्चन मुस्लिमांनी कापलेलं मांस सहसा खात नाहीत आणि मुस्लिम ख्रिश्चनांनी कापलेलं. दोन्हींची खाणावळ वेगळी. मिश्र मंडळी एकत्र जेवायला बसली की पुष्कळदा उपासाचं ताट मागवतात, म्हणजे सगळ्यांना चालतं. मला ही सोय फार मोठ्या मनाची वाटते.

पापडखार

आम्ही जैन. कांदा-लसूण नाही. काही आशा?

माळावरची

पापडखार, खोटी आशा दाखवत नाही. इथल्या जवळजवळ प्रत्येक वोतची सुरुवात कांद्याने होते आणि बेर्बेरे मसाल्यातच बहुतेक वेळा लसूण असतो, त्यामुळे शिजलेल्या रश्श्यात "कांदा काढून" असं काही करता येत नाही. तुमच्यासाठी पाकिटं खरंच लागतील. त्याबरोबर कोरडा इंजेरा (आंबवलेला चालत असेल तर), सणांची जाड पाव-भाकरी दाबो, फळं, भाजलेले जव आणि हरभरे म्हणजे कोलो. आदिसमध्ये फळांचा घट्ट रस मिळतो, अॅवोकाडो, आंबा, पपई यांचे रंगीत थर एकाच ग्लासात. त्याला स्प्रिस म्हणतात. तो पोटाला आधार देतो. कॉफीचा सोहळा तर तुमचाही.

आणि बाकीच्यांसाठी : "मला उपास आहे" हे आपल्या अर्थाने तिथे सांगू नका. एकादशीला तसं सांगाल तर प्रेमाने मसूर आणि कांदा वाढतील, आणि दूध मागितलंत तर गोंधळतील. साबुदाणा-शेंगदाण्याची सोय स्वतः करा. उपास नसलेल्या दिवशी शिरोत लोणी पडू शकतं, तेव्हा दूधही न खाणाऱ्यांनी "त्सोम?" एवढं विचारून घ्यावं. "सिगा अल्बेलाम" म्हणजे मी मांस खात नाही.

खलाशी

मी वॉशिंग्टनजवळ राहतो. इथे इथिओपियन वस्ती मोठी असल्याने जायच्या आधी सराव करायची सोय आहे. एकच सूचना : गव्हाची अॅलर्जी असणाऱ्यांनी अमेरिकेतला इंजेरा बिनधास्त खाऊ नये. तेफ महाग पडतं म्हणून त्यात गहू किंवा जव मिसळलेलं असतं. विचारावं.

अजून एक सांगायचंय. इथले वयस्कर इथिओपियन लोक मी भारतीय आहे म्हटल्यावर शाळेतल्या मास्तरांची आठवण काढतात. सम्राट हैले सेलासींच्या काळात तिकडच्या शाळांत भारतातून गेलेले शिक्षक फार होते. गणित कोणाकडे शिकलो ते अजून आदराने सांगतात, आणि मग आग्रह सुरू होतो.

वाटसरू

सगळं कौतुक वाचलं, पण मला इंजेरा आवडला नाही. आंबट, थंड, ओला. आवडलाच पाहिजे का? प्रामाणिकपणे विचारतोय.

माळावरची

अजिबात नाही, वाटसरू. पण दोन गोष्टी करून बघा. सकाळी ताजा केलेला मागा, दिवस चढतो तसा आणि दुसऱ्या दिवशी तर आंबटपणा वाढतो. पुष्कळ पाहुण्यांना पहिल्यांदा शिळाच मिळालेला असतो. दुसरं, न्याहारीला फिरफिर घ्या. इंजेऱ्याचे तुकडे मसाल्यात कालवून गरम परततात, त्यात आंबटपणा बराच झाकला जातो. तरीही नको वाटला तर पाव मागा. पास्ताही सगळीकडे मिळतो, १९३६ ते १९४१च्या इटालियन ताब्याची ती खूण. आदिसची माकियातो कॉफीही इटलीचीच. एकत्र ताटाला पाव घेऊन बसलात तरी कोणी काही म्हणत नाही. उठून वेगळ्या टेबलावर गेलात तर त्यांना वाईट वाटेल.

आणि आग्रह कसा थांबवायचा ते कोणी विचारलं नाही, तरी सांगते. ताटात तुमची बाजू रिकामी दिसली की वाढत राहतात. पोट भरलं की हात आवरा आणि "तेगेब्कू" म्हणा. एकदा म्हटलं तर ऐकत नाहीत. आपल्याकडेही पहिल्या "पुरे"वर कोण थांबतं?

उंबरठा

शेवटचा प्रश्न. तारखा अजून पक्क्या नाहीत. खाण्याच्या दृष्टीने कधी यावं? आणि कोणाच्या घरी बोलावलं तर काय न्यावं?

माळावरची

मोठ्या उपासाच्या काळात, म्हणजे साधारण फेब्रुवारी अखेर ते एप्रिल (ईस्टर दर वर्षी सरकतो), शाकाहारी माणसाची चैन. बहुतेक खाणावळींत उपासाचं मिळतं. त्याच्या उलट, ईस्टरनंतरचे पन्नास दिवस बुधवार-शुक्रवारचेही उपास नसतात, तेव्हा बेयाइनेतूसाठी थोडं शोधावं लागतं. सासूबाई बरोबर असताना तो काळ टाळा. लालिबेलाला जाण्याआधी त्या भागातली परिस्थिती आणि भारत सरकारच्या प्रवाससूचना मात्र नक्की बघा, तिथलं वातावरण बदलत असतं. पाणी बाटलीचंच प्या, कच्ची कोशिंबीर पहिले काही दिवस नको.

घरी जाताना फळं किंवा केक न्या. केकची दुकानं आदिसमध्ये गल्लोगल्ली आहेत. पण बुधवार, शुक्रवार किंवा मोठा उपास चालू असेल तर लोणी-अंड्याचा केक नको, उपासाचा केक वेगळा मिळतो, दुकानात "त्सोम" म्हणून मागा. भारतातून न्यायचं असेल तर वेलदोडे न्या. त्यांचा कोरेरिमा वेगळा, मोठा आणि काळपट, त्यामुळे आपले हिरवे वेलदोडे बघून स्वयंपाकघरातली सगळी मंडळी जमतात. तारखा ठरल्या की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आदिसमधल्या चांगल्या खाणावळींची नावं कळवते.